पान सत्तेचाळीस

मार्च. कलिन्याच्या स्टाफरूममधला पंखा
एकतीस टर्म पेपर एकदम उलटवू बघतो.
मी त्यांच्यावर स्टेपलर ठेवते, डबा, चष्म्याचं घर.
लाल शाई सोडली कधीच, पोरं दचकतात.
हिरव्या पेनानं तेच विचारते तीस वर्षं :
कोण म्हणालं? कधी? कुठल्या पानावर?

'असे म्हणतात.' कोण म्हणतात?
'तज्ज्ञांच्या मते.' किती तज्ज्ञ, बाळा, आणि राहतात कुठे?
एकानं एकशे ऐंशी पानांच्या पुस्तकातलं
दोनशे बारावं पान दिलंय.
एकीनं मात्र तळटीपेत लिहिलंय :
'मावशी, चेंबूर कॅम्प, कोथिंबीर निवडताना, १४ जानेवारी.'
स्वल्पविराम सगळे चुकलेत.
दहापैकी नऊ.

मग तन्वेश मोकल. भांडुपची मिठागरं.
मुलगा नीटस, समाससुद्धा पट्टीनं आखल्यासारखा.
तिसऱ्या परिच्छेदात :
'मीठ कुणी करत नाही; पाणी निघून जाते, ते उरते.'
अवतरणचिन्हं जागच्या जागी. पुढे कंसात
(उकिडवे १९९१ : ४७).

उकिडवे म्हणजे मी.
वाक्य माझं नाही.

अठ्ठ्याऐंशीचा एप्रिल, पंपिंग स्टेशनमागचं खाजण.
मी बांधावर, छत्री उघडून, पार्ल्याच्या चपला हातात.
ती वाफ्यात. घोट्यापर्यंत पांढरी.
विचारलं, मीठ कसं करता तुम्ही?
ती हसली, फावडं थांबलं नाही.
'मीठ कोन करतंय, बाय? पानी जातं निंगून, त्ये ऱ्हातं.'

वहीत उतरवलं. घरी येऊन शुद्ध केलं.
पानीचं पाणी झालं, ऱ्हातंचं उरते,
आणि 'बाय', जे ती मला म्हणाली होती,
ते सगळ्यात आधी गेलं.
सर म्हणाले, नाव कशाला, 'एक माहितगार स्त्री' पुरे.
पुस्तकाच्या वेळी संपादकाला तेवढंही जड झालं.
वाक्य बसलं सत्तेचाळीस पानाच्या तळाशी,
एकटं, छान दिसत.
कुणीतरी परीक्षणात माझ्या शैलीचं कौतुक केलं.

ते कात्रण लगेच सापडलं.
वहीला अख्खा रविवार गेला, माळ्यावर,
गणपतीच्या मखराखाली. शाई फुटलेली :
'चांगोची बायको (धाकली?)'
प्रश्नचिन्ह माझं. म्हणजे तेव्हाही
विचारलं नव्हतं.

तन्वेशला बोलावून सगळं सांगितलं.
तो म्हणाला, मॅडम, मग माझे मार्क जाणार?
नाही रे. तुझं बरोबर आहे,
तू ज्याच्यावर उभा आहेस ते चुकलंय.

न सांगता भांडुपला जाऊन आला.
धाकल्या निघाल्या तीन.
एक वारली. एक उरणला, लेकाकडे.
तिसरी म्हणाली, बोलली असन मी,
त्याच्यात काय, त्ये तर सगल्याच बोलतान.
त्याला चहा दिला, दोन बटर दिले, आणि मग विचारलं :
'तुज्या बाईला काय मिललं त्याचं?'

हे त्यानं तारखेसकट लिहून आणलंय.
वेळ, ठिकाण, बोलणारीचं पूर्ण नाव.
तिच्या परवानगीनं, असं खाली वेगळं नमूद.
एकही काना शुद्ध केलेला नाही.

हिरवं पेन उघडून बसलेय केव्हाची.
समासात आधी लिहिलं : संदर्भ अचूक.
मग खाली : स्रोत अजून भांडुपला.
मग तिच्या प्रश्नाचं उत्तर, बारीक अक्षरात,
कारण जागा तेवढीच उरली होती :

त्या पुस्तकावर मी नोकरीत कायम झाले, त्र्याण्णव साली.
पत्र कपाटात आहे.
पान एक.